आय-लीग २०२४-२५ : वहीत पहिल्या नंबरावर कुणाचं नाव लिहायचं?

फोंडेकर (२० जुलै २०२५, रात्री ९.४०)

मंडळी, आधीच सांगतो, मी गोव्यातल्या चर्चिल ब्रदर्स या फुटबॉल क्लबचा माणूस आहे. राहतो फोंड्यात, पण रविवारी मडगावला बहिणीकडे गेलो आणि मॅच असली की रायच्या मैदानावर जाणं ठरलेलं. सोबत भाचा, वय वर्षं अकरा. त्याने यंदा शंभर पानी वही केली आय-लीगसाठी, म्हणजे देशातल्या दुसऱ्या पायरीच्या फुटबॉल लीगसाठी. बारा टीम, बावीस राउंड, प्रत्येक राउंड झाला की पट्टीने रेघा मारून नवा पॉइंट टेबल. बाकी पोरं मँचेस्टर नि माद्रिद घोकतात, याला श्रीनिदी डेक्कन, नामधारी, शिलाँग लाजाँग पाठ.

६ एप्रिलला शेवटचा राउंड होता आणि त्या दिवशी रामनवमी. पानकाचे पेले हातात, समोर एक टीव्ही आणि दोन मोबाईल. चार टीमना चान्स होता हो! चर्चिल ३९, गोकुळम केरळ ३७, रिअल काश्मीर आणि इंटर काशी ३६. आमची मॅच श्रीनगरात, रिअल काश्मीरशीच. ती सुटली १-१. तिकडे कोझिकोडला थाबिसो ब्राउनने गोकुळमसाठी हॅटट्रिक मारली तरी डेम्पोने त्यांना ४-३ हरवलं. काशीने राजस्थान युनायटेडला ३-१ मारलं. म्हणजे आम्ही ४०, काशी ३९. भाच्याने लाल स्केचपेनने चर्चिलचं नाव लिहिलं, खाली दोन रेघा मारल्या, आणि घरभर नाचला.

पण १३ जानेवारीच्या नामधारी-काशी मॅचचे तीन पॉइंट लटकलेले होते, ते कुणाला द्यायचे यावर कमिट्या बसत राहिल्या. ईस्टरच्या आसपास चर्चिल चॅम्पियन म्हणून जाहीर झाले, ट्रॉफीसुद्धा गोव्यात हातात आली. आणि परवा १८ जुलैला लोझानच्या क्रीडा लवादाने, म्हणजे कॅसने, निकाल दिला की चॅम्पियन इंटर काशी.

भाचा मला विचारतोय, मामा आता पुसू काय? स्केचपेन पुसता येत नाही. मी त्याला काय सांगू? तुम्ही हा सीझन पाहिला असेल तर सांगा, तुमच्या वहीत कुणाचं नाव आहे?

कायद्याचं_बोला (२० जुलै, १०.१५)

फोंडेकर, तुमचं दुःख समजतं पण उत्तर सरळ आहे. काशी.

नामधारीने ती मॅच २-० जिंकली हे खरं. पण त्यांनी क्लेडसन या ब्राझीलच्या खेळाडूला उतरवलं आणि त्याच्या नावावर चार पिवळी कार्डं होती. चार झाली की एक मॅच बाहेर बसायचं. शिस्तपालन समितीने मॅच काशीला ३-० अशी दिली. नामधारी अपिलात गेले, अपील समितीने तो निर्णय फिरवला आणि मैदानावरचा निकाल कायम ठेवला, म्हणून तुमचे ४० आणि त्यांचे ३९ असा हिशेब लागला. काशी कॅसकडे गेली, जूनमध्ये नामधारीचं प्रकरण त्यांच्या बाजूने लागलं. ३९ मध्ये ३ मिळवले की ४२.

दुसरं प्रकरण काशीच्या मारियो बार्कोचं. त्याची नोंदणी आधी काढली होती आणि मग परत केली, ते नियमात बसत नाही अशी इतर क्लबांची तक्रार होती. परवाचा निकाल त्यावरचा. तोही काशीच्या बाजूने लागला. आता काही उरलं नाही.

रायचो_पेले (२० जुलै, १०.३२)

उरलं नाही कसं? चर्चिलने या सगळ्यात काय चूक केली ते एक वाक्यात सांगा.

कायद्याचं_बोला (२० जुलै, १०.३५)

काही नाही. एकही चूक नाही.

रायचो_पेले (२० जुलै, १०.४१)

तेच तर म्हणतोय पात्रांव! नामधारीने चुकीचा माणूस उतरवला, काशीची मॅच, आणि शिक्षा कुणाला? बावीस मॅच खेळून वर राहिलेल्या तिसऱ्याच टीमला. त्या ज्या मॅचमध्ये आमचा एकही पोरगा मैदानावर नव्हता, त्या मॅचने आमची लीग नेली. दिमित्रिस दिमित्रिऊने या पोरांना घेऊन जे केलं ते कमिटीच्या कागदावर कुठे दिसणार नाही.

कोल्हापुरी_लेफ्टविंग (२१ जुलै, सकाळी ७.०५)

मी चर्चिलचा बी न्हाई आन काशीचा बी न्हाई. पन पेलेभाऊ, तुमचं म्हननं उलटं करून बघा की. त्या कार्डवाल्या गड्याला बसवला असता तर मॅच कशी झाली असती कुनाला ठाव? काशीला बी वाटनारच की आमच्या समोर जो माणूस नको हुता तो उभा केला. मैदानावरचा निकाल मैदानावरचा तवा, जवा मैदानात उतरलेली अकरा माणसं नियमातली असत्यात.

आमच्यात शाहू स्टेडियमला पाटाकडील आन दिलबहारची मॅच असली की रेफ्रीनं खिशात हात घातला तर अख्खं स्टँड उभं ऱ्हातंय, कारन प्रत्येकाला पाठ असतंय कुनाची किती कार्डं झाल्यात. पानपट्टीवाल्याला बी ठाव असतंय. हितं देशाच्या लीगमधल्या क्लबाला ठाव नसावं?

मीनल_ठाणे (२१ जुलै, ९.२०)

माझा मुलगा गोलकीपर आहे, चौदा वर्षांचा, त्यामुळे कार्डांचा हिशेब मी स्वतः ठेवते म्हणून लिहिते.

आमच्या मुलांच्या क्लबने (नाव लिहीत नाही) दोन वर्षांपूर्वी अशाच कारणाने एक स्पर्धा घालवली. सेमीफायनल २-१ जिंकलो, पोरं एकमेकांच्या अंगावर पडून रडत होती आनंदाने, आणि संध्याकाळी फोन आला की मॅच समोरच्यांना दिली. आमच्या स्टॉपरची कार्डं पूर्ण झाली होती. कोच म्हणाले आयोजकांनी कळवलं नाही, आयोजक म्हणाले मोजायचं काम तुमचं. दोघेही शांतपणे घरी गेले. तो स्टॉपर मात्र पुढचे तीन आठवडे ग्राउंडवर आला नाही, कारण त्याला वाटलं सगळ्यांचं आपल्यामुळे गेलं. बारा वर्षांच्या मुलाने ते का उचलायचं?

तेव्हापासून माझ्याकडे एक रजिस्टर आहे. टीम लिस्ट भरायच्या आधी कोच मला विचारतात, ताई सगळे क्लिअर ना? मी हो म्हटल्याशिवाय लिस्टवर सही होत नाही.

त्यामुळे माझा राग काशीवर नाही, चर्चिलवर तर नाहीच. १३ जानेवारीची मॅच. ती भोगीच्या दिवशी झाली, आणि निकाल लागतो आषाढात! आठवड्याभरात संपवा ना विषय. तोपर्यंत अजून अर्ध्याहून जास्त लीग बाकी होती, सगळ्या टीमना माहीत असतं आपण कुठे उभे आहोत.

फोंडेकर (२१ जुलै, ९.५५)

मीनलताई, हे वाचून गलबललो. आणि तुमचा शेवटचा मुद्दा शंभर टक्के. श्रीनगरात आमच्या पोरांना शेवटच्या दहा मिनिटांत कळत नव्हतं की १-१ पुरेसं आहे की नाही. पॉइंट टेबल खरा कुठला हेच माहीत नाही तर जोखीम घ्यायची की बचाव करायचा? काशीचे तीन पॉइंट तेव्हाच मिळाले असते तर आम्ही जिंकायलाच खेळलो असतो. कदाचित हरलोही असतो, पण ते आमचं असतं.

कल्याणकर_७७ (२१ जुलै, १०.१०)

एक बेसिक प्रश्न. इंटर काशी म्हणजे वाराणसीचा क्लब ना? मग घरच्या मॅच कल्याणीला का? मी आधी कल्याण वाचलं आणि खूश झालो की आपल्या गावात आय-लीग आली!

कूपरेज_ईस्ट (२१ जुलै, १०.१८)

काशीला निघाले आणि कल्याणीला उतरले :)

कल्याणी पश्चिम बंगालमध्ये, नदिया जिल्ह्यात. हे एकटे नाहीत. दिल्ली एफसी पंजाबात माहिलपूरला खेळत होती. खालच्या लीगचं हेच आहे, नाव एका गावाचं आणि ग्राउंड जिथे मिळेल तिथे. नामधारीचं मात्र खरंखुरं घर आहे, भैणी साहिबला.

कल्याणकर_७७ (२१ जुलै, १०.२२)

मग काशीतल्या माणसाने मॅच बघायला किती तास ट्रेनमध्ये बसायचं... आणि तरी चॅम्पियन झाले, अभिनंदन त्यांचं. हबास कोच होते ना? ते आयएसएलमधून, म्हणजे वरच्या लीगमधून जिंकत आलेत.

कूपरेज_ईस्ट (२१ जुलै, १०.५०)

हो, अंतोनियो लोपेझ हबास.

आता जरा माझं ऐका, विषय थोडा बाजूला जाईल पण जाऊ दे. हा धागा वाचताना मला जास्त टोचलं ते म्हणजे बारा टीममध्ये महाराष्ट्राचं एकही नाव नाही आणि कुणी त्याबद्दल बोललंच नाही, इतकी सवय झालीय. महिंद्र युनायटेड २००५-०६ ला राष्ट्रीय लीगचे चॅम्पियन होते, २०१० ला टीमच बंद. मुंबई एफसी २०१७ ला खाली गेली आणि संपली. पुण्यातल्या पुणे एफसी, भारत एफसी, डीएसके शिवाजीयन्स तिन्ही गेल्या. केंकरे एफसी दोन सीझन आय-लीग खेळली, २०२२-२३ ला खाली गेली. कूपरेजला केंकरेच्या मॅचला मी जायचो तेव्हा पूर्वेच्या स्टँडमध्ये ओळखीचे चेहरे असायचे, एक आजोबा रोज तोच निळा टॉवेल खांद्यावर टाकून यायचे आणि बॉल बाहेर आला की स्वतः उठून आत फेकायचे, बॉलबॉयला हात लावू द्यायचे नाहीत. केंकरे गेल्यावर ते मला कुठे दिसले नाहीत.

आणि खालिद जमील! सात वर्षं मुंबई एफसीला तुटपुंज्या पैशांत लीगमध्ये टिकवून ठेवलं त्या माणसाने, क्लबने सोडल्यावर ऐझॉलला गेला आणि २०१६-१७ ला त्यांना आय-लीग जिंकून दिली. तेही अशी टीम जी आदल्या सीझनला खाली गेली होती आणि परत घेतली गेली. शिलाँगला लाजाँगशी १-१ करून. चर्चिलचंही १-१ होतं म्हणून आठवलं.

बालेवाडीकर (२१ जुलै, दुपारी १.३०)

पुणे एफसीचं नाव काढलंत आणि जेवण थांबवून लिहायला बसलो. २०१२-१३ ला आम्ही दुसरे आलो होतो. पहिले कोण? चर्चिल ब्रदर्स! त्यामुळे फोंडेकर, दुसरा नंबर म्हणजे काय ते मला नका सांगू. आणि आमचा कोच डेरिक परेरा, गोव्याचेच.

दोन वर्षांत क्लब बंद. बालेवाडीला अजून जातो मी, दुसऱ्या कार्यक्रमांना, पण आमच्या गेटपाशी आलो की पाय तिकडेच वळतात. माझा मुद्दा एवढाच की तुमच्याकडे भांडायला क्लब आहे. चर्चिल पुढच्या वर्षी परत खेळेल. ते वाईटात चांगलं.

रायचो_पेले (२१ जुलै, २.१५)

बालेवाडीकर, मान्य. पण आमच्याकडेही गेलेत हो. २०१६ ला साळगावकर, स्पोर्टिंग क्लब द गोवा आणि डेम्पो, तिघेही आय-लीगमधून बाहेर पडले. फेडरेशनने आय-लीग दुसऱ्या पायरीवर ढकलायचं ठरवलं त्या निषेधात. डेम्पो म्हणजे पाच वेळचे देशाचे चॅम्पियन. ते परत यायला २०२४ उजाडलं, तेही आय-लीग टू मधून दुसरे येऊन. आणि आल्याआल्या त्यांनी शेवटच्या दिवशी गोकुळमला हरवून कुणाचं काम केलं? आमचं! आयुष्यभर ज्यांना शिव्या घातल्या त्यांच्यासाठी त्या दिवशी रायच्या नाक्यावर फटाके लावले.

फोंडेकर (२१ जुलै, २.२०)

खरंय. गोकुळम जिंकली असती तर दोघांचेही ४० झाले असते आणि मग वेगळंच.

मँचेस्टरचा_देशपांडे (२१ जुलै, ३.४५)

इथून थोडं. मी इंग्लंडमधल्या पाचव्या पायरीची नॅशनल लीग बऱ्याचदा बघतो. २०२२-२३ ला रेक्सम १११ पॉइंट घेऊन पहिले आले आणि नॉट्स काउंटी १०७ घेऊन दुसरे. १०७! थेट वर फक्त एकच टीम जाते, बाकीच्यांना प्लेऑफ. नॉट्सला १०७ पॉइंट करून परत नॉकआउट खेळावं लागलं, आणि त्यातून ते वर गेले. क्रूर वाटतं पण ऑगस्टमध्ये लीग सुरू होते तेव्हाच सगळ्यांना नियम माहीत असतो, आणि त्या लीगच्या मॅचना गावं रिकामी होतात. भारतात लोक म्हणतात दुसरी पायरी कोण बघतं. अहो, अकरा वर्षांचा मुलगा बघतो आणि वही करतो!

नागपुरी_तडका (२१ जुलै, ४.००)

रायच्या ग्राउंडवर खायले काय भेटते ते सांगा ना भाऊ कोणी. मॅच तर झाली.

रायचो_पेले (२१ जुलै, ४.१२)

रॉस ऑम्लेट. गाड्यावर. ऑम्लेटवर गरम झाकुटीचा रस्सा, वर कांदा, बाजूला पाव. हाफटाइमला गेलात तर दुसऱ्या हाफची दहा मिनिटं गेली समजा.

कोल्हापुरी_लेफ्टविंग (२१ जुलै, ४.२०)

रस्सा म्हनलं की आमाला इचारायचं. मिसळ आना शाहू स्टेडियमला, मग बोलू.

नागपुरी_तडका (२१ जुलै, ४.२३)

दोघंही तर्रीच्या समोर बसा एकदा, मग समजन रस्सा कशाले म्हणते.

कायद्याचं_बोला (२१ जुलै, सायंकाळी ६.१०)

रस्सा बाजूला ठेवून थोडं गंभीर. मीनलताईंची पोस्ट वाचल्यावर माझं मत थोडं बदललं. निकाल बरोबर आहे हे अजून म्हणतो. पण ट्रॉफी देण्याची घाई अक्षम्य. कॅसने एप्रिलमध्ये स्थगिती दिली होती, आणि तरी गोव्यात ट्रॉफी दिली गेली. ती त्या पोरांच्या हातात द्यायलाच नको होती. हातात दिलेलं काढून घेणं आणि न देणं यात फरक आहे.

रायचो_पेले (२१ जुलै, ६.३०)

हे बोललात ते बरं केलंत. एवढंच कुणीतरी बोलायला हवं होतं.

कोल्हापुरी_लेफ्टविंग (२१ जुलै, रात्री ८.००)

एक सांगतो आन जातो. आमचा अनिकेत जाधव २०१७ चा सतरा वर्षांखालचा वर्ल्डकप खेळला, त्यानंतर इंडियन ॲरोज मधनं हीच आय-लीग खेळला. तवा आमच्या पेठेत मोबाईलवर आय-लीग लागायची, टीम कुठली बी असो. खालची लीग ही आमच्या पोरांची लीग हाय. वरच्या लीगमधी अकरात जागा मिळायला वर्षं जात्यात, हितं नव्वद मिन्टं खेळाय मिळतंय. आन त्या वरच्या लीगचं बी बघा की, ह्याच म्हैन्यात आयएसएल पुढं ढकलली, काशी वर जानार पन कुठं जानार तेच न्हाई कळंना. म्हनून ह्या लीगची इज्जत ठेवा म्हनतोय.

स्नेहा_डोंबिवली (२१ जुलै, ८.४०)

फोंडेकर, मूळ प्रश्नाकडे येऊ. भाच्याला सांगा पुसू नकोस. ६ एप्रिलचं पान ६ एप्रिलचं आहे, त्या दिवशी टेबलमध्ये जे होतं ते त्याने बरोबर लिहिलं. पुढे नवीन पान घे, वर १८ जुलै तारीख टाक, आणि काशी ४२, चर्चिल ४० लिही. माझे बाबा क्रिकेटचे स्कोअर वहीत उतरवायचे, त्यांच्या वहीत खाडाखोड नाही, चूक झाली तर ते खाली तारीख टाकून दुरुस्ती लिहायचे.

कायद्याचं_बोला (२१ जुलै, ८.४४)

+१. हे पटलं.

रायचो_पेले (२१ जुलै, ८.५०)

लाल स्केचपेन मात्र काशीला वापरायचा नाही. निळ्या बॉलपेनने लिहा म्हणावं.

फोंडेकर (२२ जुलै, रात्री ९.१५)

सगळ्यांचे आभार. आज बहिणीकडे मुद्दाम जाऊन आलो, फोनवर सांगण्यासारखं नव्हतं.

स्नेहाताईंचं त्याला सांगितलं. त्याने तेविसावं पान काढलं, पट्टीने रेघा मारल्या, तारीख टाकली. काशी लिहिताना थांबला, मग लिहिलं. सगळ्या बारा टीम परत लिहिल्या, एससी बंगळुरू आणि दिल्ली एफसी तळाला, त्यांनासुद्धा सोडलं नाही. मी म्हटलं अरे फक्त वरच्या दोन लिही, तर म्हणाला मामा, टेबल अर्धा नसतो.

मग मी त्याला मीनलताईंच्या क्लबची गोष्ट सांगितली, त्या स्टॉपरची. तो बराच वेळ गप्प. नंतर विचारतो, त्या काकू रजिस्टर कसं करतात? आमच्या शाळेच्या टीमचं मी करतो, सप्टेंबरमध्ये तालुक्याच्या मॅच आहेत. मीनलताई, जमल्यास सांगाल का, रकाने कसे पाडता?

मीनल_ठाणे (२२ जुलै, ९.५०)

अहो का नाही! त्याला सांगा लांब वही घे, आडवी धर. प्रत्येक मुलाला एक पूर्ण ओळ. पहिला रकाना जर्सी नंबर, दुसरा नाव, मग प्रत्येक मॅचला एक रकाना आणि वर तारीख. पिवळं कार्ड मिळालं की त्या चौकोनात फक्त मिनिट लिहायचं, ५३ असेल तर ५३. शेवटून दुसरा रकाना एकूण कार्डांचा, तो पेन्सिलने, कारण तो बदलत राहतो. आणि स्पर्धेचा नियम आधी विचारून पहिल्या पानावर लिहायचा, किती कार्डांना बाहेर, कारण प्रत्येक ठिकाणी वेगळा असतो, शाळांच्या मॅचना बऱ्याचदा दोनच असतात.

शेवटचा रकाना "पुढच्या मॅचला बाहेर". तो मॅचच्या आदल्या रात्री भरायचा, सकाळी नाही. सकाळी बूट सापडत नसतात.

कोल्हापुरी_लेफ्टविंग (२२ जुलै, १०.०५)

आन भाच्याला इचारा, कुठल्या पोझिशनला खेळतोय त्यो?

फोंडेकर (२२ जुलै, १०.११)

लेफ्ट बॅक. यंदा दोन पिवळी घेतलीत, दोन्ही जर्सी ओढल्याबद्दल. पहिली ओळ त्याचीच येणार.